नंबर गेला, लांबी राहिली

बेंगळुरूचं एचएसआर लेआउट ही दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्यांची वस्ती. इथल्या सत्ताविसाव्या मेनवर कॉफी पिता पिता कुणी ‘लेसिक केलं, मायनस नऊचा चष्मा सुटला’ म्हणालं, तर अभिनंदन जरूर करावं. डोळ्याच्या मागच्या भिंतीला मात्र या आनंदाचा पत्ता नसतो.

नेत्रगोल पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. तो एक मिलिमीटरने लांबला, की नंबर अडीच-तीनने चढतो. म्हणजे मायनस नऊवाल्याचा डोळा सत्तावीसच्या आसपास गेलेला असतो. लेसिकमधला लेसर डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चपटा करतो, लांबी आहे तेवढीच राहते. कोट वाढवला आणि अस्तर आखूड पडलं, तसं आतलं दृष्टिपटल ताणलेलंच राहतं. त्यात डोळ्यातला जेलीसारखा द्रव अशा मायनस नंबरच्या डोळ्यात, म्हणजे मायोपियात, लवकर पातळ होऊन सुटू लागतो. सुटताना तो दृष्टिपटलाच्या मधल्या पीतबिंदूला चिकटून राहिला, तर नेमक्या वाचायच्या जागी भोक पडू शकतं. एरवी साठीनंतर येणारं हे दुखणं इथे आधीच गाठतं, आणि कधी भोकातून पाणी शिरून दृष्टिपटलच सुटतं.

भोक पडलं की वाचताना ओळ मध्येच वाकते, अक्षर गळतं. पण दुसरा डोळा निमूट सांभाळून घेतो, म्हणून एकेक डोळा झाकून बघायचं. आणि डॉक्टरांना जुना नंबर सांगायचा. लेसिकनंतर तो यंत्राला दिसत नाही.

१९९१ पर्यंत या भोकावर उपाय नाही असंच मानत. त्या वर्षी केली आणि वेंडेल या अमेरिकी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने भोक बुजवून दाखवलं. दृष्टिपटलाचा उभा छेद दाखवणारी ओसीटी तपासणीही त्याच वर्षीची. आता आतला द्रव काढून, दृष्टिपटलावरचा, निळ्या रंगाने रंगवलेला काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा सोलतात. पोलंडच्या मिखालेव्हस्का आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो पूर्ण न काढता भोकावर उलटा पांघरायची युक्ती मांडली. लांबट डोळ्यांत तिचा विशेष उपयोग होतो, कारण तिथे अस्तरच अपुरं असतं आणि नुसतं सोलून भोक मिटेलच असं नाही.

शेवटी डोळ्यात वायू भरतात आणि काही दिवस पालथं राहायला सांगतात. वायू जिरेपर्यंत विमान वर्ज्य; वर हवेचा दाब घटतो, बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब चढतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. मुंबईत शस्त्रक्रिया करून घरी परतायचं असेल, तर मोटारीने निघण्याआधीही डॉक्टरांना विचारावं लागतं.