प्रकाशाचा चिमटा, सोन्याचा कण

आज सुरुवात शेवभाजीपासून करू. जळगावला काय किंवा धुळ्याला काय, वाटीत रस्सा आला की वर तर्री तरंगते. तेलाचे दोन थेंब चमच्याने जवळ ढकलले की पटकन एक होतात. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशीसुद्धा स्निग्ध पदार्थाच्याच, म्हणजे लिपिडच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली आहे. मग शेजारच्या पेशी अशा एकमेकींत का मिसळत नाहीत?

फरक असा आहे. तर्रीतला थेंब आतपर्यंत तेलच असतो. पेशीचं पटल मात्र जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं, दोन थरांचं. आतही पाणी, बाहेरही पाणी. लिपिडच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं, शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून डोकी बाहेरच्या बाजूंना, शेपट्या मधे. अशा दोन पिशव्या जवळ आणल्या तरी डोक्यांना चिकटलेलं पाणी सहजासहजी हटत नाही. पिशव्या नुसत्या टेकून बसतात. हे बरंच आहे म्हणा, नाहीतर आपल्या सगळ्या पेशींचा एकच गोळा झाला असता!

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवलं की लिपिड पाण्यात टाकलं की अशा पिशव्या आपोआप तयार होतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. २०२१ मधली काळ्या बुरशीची साथ आठवते ना? राज्यभर नातेवाईक एका इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. ते होतं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. हे औषध मूत्रपिंडाला त्रासदायक. लिपिडमध्ये बांधून दिलं की तो त्रास कमी होतो. म्हणजे अशी पिशवी कधी टिकते आणि कधी दुसरीशी जुळते, हा प्रश्न काही नुसता पुस्तकी नाही.

आता इतकी छोटी पिशवी धरायची कशाने? प्रकाशाने. पारदर्शक कणातून जाताना किरण वळतो; किरणाला वळवलं की कणालाही उलटा धक्का बसतो. लेसरचा झोत भिंगाने एका बिंदूवर आणला, तर हे धक्के कणाला त्या बिंदूपाशी धरून ठेवतात. आर्थर अ‍ॅश्किन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा एका झोताचा चिमटा करून दाखवला. २०१८ चं नोबेल अ‍ॅश्किनना मिळालं तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.

पण पिशवीच्या आत-बाहेर पाणीच असेल तर प्रकाश वळणार कसा? त्यावर उपाय साखरेचा! आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज भरायचं. आतला द्राव किरणाला थोडा जास्त वळवतो आणि पिशवी चिमट्यात सापडते.

हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने याच चिमट्याने पेशीतले ओझे वाहणारे डायनीन रेणू किती जोर लावतात ते मोजलं. एकटा डायनीन दुबळा, पण टोळीने ओढायला लागले की भारी.

धरणं झालं, आता जोडणं. इथे आपल्या सुवर्णनगरीचा माल कामाला येतो. दागिन्याची कडी जोडताना कारागीर बारीक ज्योत नेमकी सांध्यावरच मारतो, बरोबर? कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तेच केलं. दोन पिशव्या जिथे टेकतात तिथे सोन्याचा अतिसूक्ष्म कण ठेवला आणि त्यावर अवरक्त लेसर सोडला. सोनं तापतं; पाणी हा प्रकाश फारसा शोषत नाही. कणाच्या पृष्ठभागापासून त्याच्या त्रिज्येइतकं दूर गेलं की तापमानातली वाढ निम्मी होते. त्यामुळे सांध्यापुरतंच पटल सैल पडतं, दोन पिशव्यांची एक होते आणि आतला माल मिसळतो. एका पिशवीत पटल वाकवणारं प्रथिन भरलं होतं. जोडणीनंतर ते कामाला लागलेलंही दिसलं.

यातून उद्या लगेच औषध येईल असं आम्ही म्हणणार नाही. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, एकेका जोडीवर चालतं, आणि शरीरात खोलवर प्रकाश पोचवणं अवघड आहे. पण जी गोष्ट पटल सहजासहजी होऊ देत नाही, ती कुठे आणि कधी व्हावी हे आता आपण ठरवू शकतो. एका थेंबाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी द्रावात रासायनिक प्रयोग करायची ही सोय आहे.

आज इथेच थांबू. प्रश्न जरूर विचारा.