सोन्याचे थेंब: बाळाला पाजायचे की नाही?



मागच्या महिन्यात सेमाडोहच्या बैठकीत एका आजींनी गटाकडे कर्ज मागितलं. नातू 4 महिन्यांचा. म्हणाल्या, "सोन्याचे थेंब पाजले तं पोरगं बिमार पडत नाही म्हनते. परतवाड्याहून आनाचे हायेत. खरं हाय काय वं म्याडम?" हा प्रश्न पुष्कळ घरांत आहे, म्हणून इथे लिहिते.

याला सुवर्णप्राशन म्हणतात. रीत जुनी आहे. काश्यपसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात सोनं पाण्यात उगाळून मध-तुपासोबत बाळाला चाटवायला सांगितलंय. आता बहुतेक सुवर्णभस्म वापरतात. शुद्ध सोन्यावर प्रक्रिया करून, पुन्हा पुन्हा आगीत तापवून ते बनवतात. साधारण दर 27 दिवसांनी पुष्य नक्षत्र येतं, त्या दिवशी थेंब देतात.

पण या गोष्टी ध्यानात ठेवा:

1. थेंबांत मध असतो. 1 वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरसुद्धा चाटवू नका. मधात कधी कधी असे जंतू असतात, जे बाळाच्या आतड्यात विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, श्वासही अडकू शकतो.

2. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीही नको.

3. घरचा दागिना सहाणेवर उगाळू नका. 22 कॅरेटमध्ये 24 भागांपैकी 22 भागच सोनं, बाकी तांबं-चांदी असते. दागिना म्हणजे भस्म नव्हे.

4. कंपनीचं नाव, तारीख नसलेली बाटली घेऊ नका. मोठ्या मुलाला द्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

5. थेंब घेतले म्हणून लस चुकवू नका. गोवरापासून वाचवते ती लसच.

6 महिन्यांनंतर अंगणवाडीताईंकडून दंडाचा घेर मोजून घ्या. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बाळ तीव्र कुपोषित आहे. तिथे थेंबांची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

त्या आजींच्या नातवाचं आम्ही वजन करून घेतलं. दोन महिने ते वाढलंच नव्हतं. गटाने कर्ज दिलं, पण थेंबांसाठी नाही; सुनेला आणि बाळाला दवाखान्यात न्यायला.

पुढच्या बैठकीला येताना बाळाचं लसीकरण कार्ड सोबत आणा. आपण मिळून पाहू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक