मंडळीचा आठवडा

रविवारची उपासना संपत आली की सेक्रेटरी वही घेऊन पुढे येतात आणि सूचना वाचतात. बुधवारी संध्याकाळी अमक्यांच्या घरी प्रार्थना. गुरुवारी दुपारी महिला मंडळ. शनिवारी गाण्याचा सराव, पेटी-ढोलकीवाल्यांनी वेळेवर यावे. दृढीकरणाचा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतो आहे, नावे लवकर द्यावीत. तमक्या आजी दवाखान्यात आहेत, भेटून यावे. मराठवाड्यातल्या लहानमोठ्या ख्रिस्ती मंडळ्यांत पाच-सात मिनिटांचा हा भाग दर आठवड्याला असतो. चर्च कसे चालते हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने प्रवचनाइतकेच लक्ष देऊन या सूचना ऐकाव्यात.

मराठवाड्यातला बीड जिल्हाच घ्या. तिथे ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही नाही. पण नकाशात बीडची जागा मोठी बोलकी आहे. पश्चिमेला नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. तिथे अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या आणि 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. उत्तरेला गोदावरी ओलांडली की जालना, आणि तिथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेसबिटेरियन पंथाचे काम उभे राहिले. एका बाजूला अमेरिकन मिशनचा काँग्रिगेशनल पंथ, दुसऱ्या बाजूला प्रेसबिटेरियन, आणि मध्ये बीड.

प्रेसबिटेरियन पद्धतीचा गाभा सोपा आहे. मंडळीचा कारभार एकट्या धर्मगुरूने पाहायचा नाही. सभासदांनी आपल्यातूनच वडील, म्हणजे एल्डर, निवडायचे, पाळकाने त्यांच्याबरोबर बसून निर्णय घ्यायचे, आणि अनेक मंडळ्यांच्या प्रतिनिधींची मिळून वरची सभा. 1560 मध्ये स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्सच्या पुढाकाराने जी धर्मसुधारणा झाली, तिच्यातून ही रीत तिथे रुजली. पुढे गावचा पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, यावरून वाद पेटला आणि 18 मे 1843 रोजी साडेचारशेहून अधिक पाळक सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले. पगार, घर, चर्चची इमारत, सगळ्यावर पाणी सोडून. त्यांनी स्थापन केलेल्या फ्री चर्चला मुंबईतले डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी मिशनरी जाऊन मिळाले.

त्याच 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये राहू लागला, तेव्हा वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुलाचा ताबा मिळवला. आता या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर शहर ढवळून निघाले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. एका घरातल्या दोन भावांचे हे प्रकरण मराठी समाजाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि 1860 च्या दशकात त्यांनी जालन्याकडे मुक्काम हलवला. तेव्हा जालना आणि बीड दोन्ही निजामाच्या राज्यात होते. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे गाव वसवले. त्या गावात आलेली माणसे बहुतेक मातंग आणि महार समाजातली. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, चावडीवर ज्यांचा शब्द चालत नव्हता, त्यांच्यासाठी स्वतःची घरे, शेती, शाळा आणि चर्च असलेले गाव. 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही हे मराठी पाळक बोलले. तरी त्यांचे मोठेपण बेथेलमध्ये आहे असे ठामपणे म्हणावेसे वाटते. माणसाला वडील म्हणून निवडून येता येते, सभेत हात वर करता येतो, हिशोब विचारता येतो, ही गोष्ट ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारली गेली त्यांच्यापर्यंत ती अशा वाटांनी पोहोचली.

आज पाटीवर ‘प्रेसबिटेरियन’ हा शब्द क्वचितच दिसतो. 1924 मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया बनले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात हे युनायटेड चर्च, अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे मिळून सहा चर्चेस एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, बोलीत सीएनआय, जन्माला आले. त्यात बिशप आले, बिशपच्या देखरेखीखालचा विभाग म्हणजे डायोसिस आला. पाळकाची नेमणूक आता डायोसिसकडून होते. ज्या हक्कासाठी 1843 मध्ये लोक घरदार सोडून निघाले होते, तो इथे पातळ झाला हे मान्य करायला हवे. मंडळीची कमिटी मात्र सभासदांच्या मतानेच निवडली जाते.

आता मंडळीतल्या वर्गांकडे. सगळ्या वर्गांचा पाया शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची शाळा. रॉबर्ट रेक्सने 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रविवारची शाळा काढली ती आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या पोरांना वाचायला शिकवण्यासाठी. मराठी मंडळीत ती उपासनेच्या आधी भरते. बालवर्ग ओट्यावर, मोठी मुले बाकांवर, आणि शिकवायला मंडळीतलीच कोणी कॉलेजात जाणारी मुलगी नाहीतर निवृत्त गुरुजी. पाठाचे वचन तोंडपाठ म्हणायचे, मग गाणे, मग चित्राचा कागद.

दृढीकरणाचा वर्ग जास्त गंभीर. बालपणी बाप्तिस्मा झालेली मुले साधारण दहावी-अकरावीच्या वयात इथे येतात. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार हे पाठ असावे लागते, पण पाठांतरावर भागत नाही. जुन्या प्रेसबिटेरियन शिस्तीत यासाठी 1647 ची वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरी होती, एकशे सात प्रश्नांची. पाळक प्रश्न विचारत, मुलाने उत्तर द्यायचे, अर्थ सांगायचा. वर्ग संपून दृढीकरण झाले की त्या मुलाला प्रभुभोजन मिळते, आणि तो मंडळीचा जबाबदार सभासद होतो. स्कॉटिश वळणाच्या मंडळीत भाकरीची ताटे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले घेऊन वडील बाकाबाकांतून फिरत, लोक जागेवर बसूनच घेत. आपल्याच गल्लीतला दुकानदार किंवा शाळेतला शिपाई ते ताट घेऊन समोर उभा राहिलेला पाहिला की वडील म्हणजे कोण, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

महिला मंडळाचे काम कमी दिसते पण पुष्कळ असते. आजाऱ्याच्या घरी जाणे, बाळंतिणीकडे, दुःख झालेल्या घरी भाकरी पोहोचवणे, आणि पैसे जमवणे. या बाबतीत देशातला मोठा दाखला मिझोरामचा. तिथल्या प्रेसबिटेरियन बाया दर वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला ठेवतात. या मुठीमुठीतून जमलेल्या तांदळाने त्या चर्चच्या कामाला शंभर वर्षे मोठा हातभार लावला आहे.

आपल्याकडे मुठीऐवजी सुगीचा सण. त्या रविवारी वेदीसमोर बाजरीची कणसे, कापसाची बोंडे, भोपळे, कोंबड्या मांडल्या जातात, आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव. बालाघाटच्या डोंगरातले सीताफळही असते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. लिलावात भाव वस्तूचा नसतो. एक नारळ चारदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा परत करतो आणि बोली नव्याने सुरू होते. लेकरे ओरडत असतात, खजिनदार घामाघूम होऊन आकडे लिहीत असतात.

गाण्याबद्दल तर लिहावे तितके थोडे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती उपासनेत अभंग-भजनाची चाल घरची झाली. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी त्याआधीच ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होता. त्यामुळे मराठवाड्यातल्या मंडळीत परदेशी चालीच्या गीतानंतर टाळ-ढोलकीचे भजन सुरू झाले तर कुणाला नवल वाटत नाही.

बीडच्या पंचांगात मात्र एक अडचण आहे, ती साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाची. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटककडे निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. नाताळ आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, नेमके याच काळात. ज्या वस्तीवर निम्म्या घरांना कुलूप असेल तिथे डिसेंबरात वर्ग भरवून कोण येणार? इथे शहरी चर्चचे वेळापत्रक उचलून चालणार नाही. खरा हंगाम मे-जूनचा: सुट्टीतली बायबल शाळा, आठ-दहा दिवसांची, गाणी, गोष्टी, हस्तकला आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. दृढीकरणाचे वर्गही पावसाळ्यात घ्यावेत, म्हणजे फडावर जाणाऱ्या घरातले मूल वंचित राहणार नाही. जिल्ह्यात काम करणाऱ्या प्रत्येक मंडळीने हा हिशोब आधी मांडायला हवा.

वार्षिक सभा हा आणखी एक दिवस. खजिनदार जमाखर्च वाचतात, सभासद उभे राहून विचारतात: पत्र्याच्या शेडला इतका खर्च कसा आला, शब्बाथशाळेच्या पुस्तकांना इतका कमी का दिला. कधी आवाज चढतो. मिशनच्या जुन्या जमिनींवरून अनेक ठिकाणी वाद कोर्टात गेले आहेत, म्हणून हे उघड प्रश्न महत्त्वाचे. मग कमिटीची निवडणूक होते, आणि डायोसिसच्या परिषदेवर जाणारे प्रतिनिधी ठरतात. त्या परिषदेतून निवडलेले काहीजण सिनड या सीएनआयच्या सर्वोच्च सभेत बसतात, जी तीन वर्षांतून एकदा भरते. पुढच्या सभेत कमिटीवर किती बाया आणि किती तरुण येतात, याकडे लक्ष ठेवायला हवे. वर्गांना शिक्षक मिळतात की नाही, हे त्यावरच ठरते.