कॅमेऱ्याची बटणं आणि आजोबांचा माग

कॅमेरा हातात आला की फोटो आपोआप येतो, असं मलाही वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला आजोबांकडे गेलो तेव्हा हा समज गेला.

आजोबांनी ४० वर्षं चादरीचा यंत्रमाग चालवला. तो माग दोन दिवसांनी भंगारात जाणार होता. "जायच्या आधी एक फोटो काढून ठेव की," आजी म्हणाली. मामांनी त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा मला दिला.

पहिला फोटो फ्लॅश मारून काढला. आजोबांचा चेहरा पांढराफटक, मागचा माग अंधारात, आणि मध्येच पांढरे गोल ठिपके! आजी म्हणाली, "भूतच दिसायला लागलं!" मामांनी सांगितलं, लहान कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड चार-पाच पावलांपर्यंतच नीट पोचतो. ते ठिपके म्हणजे सुताचा हवेत उडणारा बारीक कापूस. तो भिंगाजवळ असतो, म्हणून चमकतो.

दुसऱ्यांदा फ्लॅश बंद केला, तर फोटो हलला. असं का? कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक दार समजा. उन्हात ते क्षणभर उघडलं तरी पुरतं. अंधाऱ्या खोलीत मात्र ते जास्त वेळ उघडं राहतं. तेवढ्यात हात हलला की चित्र पुसट होतं. मग आयएसओ नावाचा आकडा वाढवला. त्यानं फोटो उजळ आला, पण सगळीकडे वाळूसारखे दाणे दिसू लागले.

तिसऱ्यांदा लांबून झूम केलं. चेहऱ्याच्या चौकटी झाल्या! तेव्हा आजोबांनी चादर पुढं केली. "ह्या मोराला डोळा लावून बघ. मोर दिसतो काय? नुसते धागे." चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग धाग्यांत उतरवतात. डिजिटल फोटोही असाच ठिपक्यांचा असतो. ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १० लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. डिजिटल झूम नवे ठिपके टिपत नाही, आहेत तेच मोठे करून दाखवतो. म्हणून आपणच पुढं जावं.

१९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतले इंजिनिअर स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात १०,००० च ठिपके होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. मामांच्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख ठिपके आहेत. तरी माझे फोटो बिघडलेच, कारण उजेड आणि हात सांभाळायचं काम माणसाचं.

दुसऱ्या दिवशी मागाच्या खोलीचं दार सताड उघडलं. कॅमेरा कांड्यांच्या पोत्यावर ठेवला. बटण आधी अर्धं दाबून आजोबांच्या चेहऱ्यावर फोकस धरला. बोटाचा धक्का लागू नये म्हणून १० सेकंदांचा टायमर लावला.

"आजोबा, हलू नका!"

"मी हलत नाही. पण माग चालूच ठेवणार."

फोटोत आजोबा स्वच्छ आले. धोट्याची मात्र नुसती पांढरी रेघ उमटली. मला वाटलं, पुन्हा चुकलं. आजोबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "चुकलं नाही पोरा. पळता धोटा असाच दिसतो."

माग गेला. फोटो आजीनं भिंतीवर लावलाय.

मित्रांनो, बटण दाबण्याआधी उजेड कुठून येतो ते बघा, हात टेकवा, आणि जवळ जा. तुमच्या घरातलं जुनं जातं, मोट, नांगर जायच्या आधी त्याचाही एक फोटो काढून ठेवा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी