आधी तिथी, मग शीड

यंत्राविना, निव्वळ शिडांच्या जोरावर पोरबंदरहून मस्कत गाठणाऱ्या ‘कौण्डिण्य’ जहाजाचं देशभर कौतुक झालं, आणि ते रास्तच आहे. मात्र भर समुद्रात जहाजाखाली पाणी मुबलक असतं. शिडाच्या नौकेचा कस लागतो तो खाडीच्या तोंडाशी. ‘कौण्डिण्य’ गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर बांधलं गेलं. त्याच मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथून जाणं इतकं बिकट होतं, की खनिजाच्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीकडे वळवाव्या लागत.

कोकणातल्या बहुतेक खाड्यांची हीच कथा. नदी गाळ आणते, लाटा वाळू आत लोटतात आणि प्रवाह मंदावला की दोन्ही तळाला बसतात. दर पावसाळ्यात दांडा जागा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची जीपीएसवरची वाट यंदा दगा देऊ शकते.

माझा भरवसा आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या हिशोबावर अधिक आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हा ठोकताळा मुंबई-कोकणपुरता, पण मोठा कामाचा. पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा जातो, तर मधल्या दोन तासांत निम्मं पाणी ओसरतं. त्या वेळी नौका रुतली तर पाहता पाहता कोरडी पडते.

चढत्या पाण्यात रुतलेली नौका बहुधा थोड्या वेळात आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यात पुढच्या भरतीपर्यंत थांबावं लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ऐन भरतीला रुतणं. पुढच्या भरत्या लहान होत जातात आणि सुटकेसाठी पंधरवडाभर पुढच्या उधाणाची वाट पाहावी लागते. सुएझ कालव्यात अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज ड्रेजर आणि टगबोटी लावूनही सुटलं ते २९ मार्च २०२१ रोजी, फाल्गुनी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे तेव्हा धुळवड होती. उधाणाच्या पाण्याने तिथेही हात दिला.

बूड वाळूला लागलं की आधी शीड उतरवा, नाहीतर वारा नौकेला आणखी वर रेटतो. आत पाणी येतंय का ते बघा. मग काठीने चहूबाजूंची खोली चाचपा. छोट्या होडीतून नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाका आणि दोर ताणून नौका ओढा. खोल कण्याची नौका असेल तर सगळ्यांनी एका बाजूला बसावं. ती कलली की कण्याची खोली कमी होते. पाणी झपाट्याने उतरत असेल तर मात्र झटापट सोडा आणि नौका उथळ बाजूकडे कलू द्या. खोल बाजूला आडवी झाली तर ती उठण्याआधीच भरतीचं पाणी आत शिरतं.

शीड शिकवणाऱ्या प्रत्येक क्लबाने भरती-ओहोटीचं हे गणित पहिल्याच दिवशी शिकवावं. सागरी मंडळाने पाऊस सरताच खाड्यांच्या मुखांची खोली मोजून बोये हलवावेत. तुम्ही स्वतः अनोळखी खाडीत शिरणार असाल, तर चढत्या पाण्यातच शिरा.