जुन्या मोटारसायकलचा वीजबिघाड : आधी तपासा, मग खर्च करा



पहाटे दुधाचे कॅन गाडीला लावून झाले आणि किक मारून मारून पाय दुखला तरी गाडी सुरू होईना. किंवा रात्री पिकाला पाणी देऊन परत येताना वाटेतच दिवा गेला. असे झाले की घाईने नवी बॅटरी, नवी कॉइल घेतली जाते, आणि दोष निघतो एखाद्या गंजलेल्या सांध्यात! पॉइंटवर चालणाऱ्या, ६ व्होल्टच्या जुन्या गाडीचे बरेचसे बिघाड घरीच शोधता येतात.

शेतात पाणी पोचले नाही तर आपण विहिरीपासून पाट बघत जातो. इथेही तसेच करा. फक्त एक ध्यानात ठेवा. विजेला बॅटरीकडे परत यायलाही वाट लागते, आणि ती वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. यालाच 'अर्थ' म्हणतात.

१) बॅटरी : चावी फिरवून हॉर्न वाजवा. आवाज मंद आला तर बॅटरी उतरली आहे किंवा सांधा सैल आहे. टोकांवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी अर्थची वायर सोडा, मग दुसरी. कोणती वायर कुठे होती ते बघून ठेवा. काही जुन्या गाड्यांत धन टोक अर्थला असते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके पुसा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वायरी घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. अर्थची वायर शेवटी जोडा. पाणी खुणेखाली गेले असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचे किंवा नळाचे नको. आत तेजाब असते, तेव्हा डोळे सांभाळा आणि जवळ विडी पेटवू नका.

२) फ्यूज व अर्थ : फ्यूज उडाला तर त्याच मापाचा घाला. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा तांब्याची तार गुंडाळू नका. फ्यूज वाचेल, पण सगळ्या वायरी जळतील. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठली तरी वायर सोलून सांगाड्याला टेकली आहे. अर्थचा नट सोडून खालचा रंग व गंज पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा आवळा.

३) ठिणगी : पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग काढून टोपीत बसवा. लाकडी किंवा रबरी मुठीच्या पकडीने टोपी धरून प्लगचे अंग इंजिनाच्या पंखांना टेकवा आणि किक मारा. प्लग त्याच्या भोकापासून दूर ठेवा, पेट्रोलची वाफ पेट घेते. निळी, कडक ठिणगी आली तर दोष पेट्रोलकडे शोधा. ठिणगी नसेल तर दुसरा चांगला प्लग लावून बघा. त्यानंतर पॉइंट पुसा. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ मि.मी. असावी. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला. गाडी तापली की बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते, असे असेल तर कॉइल किंवा कंडेन्सरचा संशय घ्या. मॅग्नेटोच्या गाडीत चावीची वायर सोलून सांगाड्याला टेकली तरी ठिणगी बंद होते.

४) दिवे : इंजिन चालू ठेवून, दिवा लावून हँडल दोन्हीकडे वळवा. दिवा लुकलुकला तर हँडलच्या मानेजवळ वायर आतून तुटली आहे; तिथे ती रोज वाकत असते. बल्ब गाडीच्याच व्होल्टचा हवा. ६ व्होल्टच्या गाडीत १२ चा बल्ब मंद जळतो, तर १२ च्या गाडीत ६ चा लगेच उडतो. बल्ब सारखे उडत असतील आणि बॅटरीचे पाणीही लवकर आटत असेल तर जादा चार्जिंग होते आहे. ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

गाडी गोठ्यात उभी असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, हेही बघत जा. आणि मागचा लाल दिवा क्षुल्लक समजू नका. पुढचा दिवा तुम्हाला वाट दाखवतो, पण मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसता ते त्या मागच्या दिव्यामुळेच. अंधार पडण्यापूर्वी दोन्ही दिवे लावून बघा, मगच घराबाहेर पडा.