एअर-इंडियाची वाटचाल

परदेशीं राहिलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या भेटीस निघालेल्या वडील मंडळींस ‘विमान कोणाचें?’ असें विचारलें, कीं ‘आपलेंच, एअर-इंडियाचें’ असें उत्तर पुष्कळ वर्षें मिळत असे. त्या ‘आपलेंच’ शब्दांतील विश्वास कसा मिळाला व कसा ओसरला, हा या संस्थेच्या इतिहासांतील मुख्य भाग होय.

प्रारंभ अगदींच साधा. विलायतेचें टपाल ‘इंपीरिअल एअरवेज’ कराचीपर्यंत आणी. तें तेथून पुढें विमानानेंच न्यावें, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं ती उचलून धरली. हिंदुस्थानांतील वैमानिकाचा पहिल्या क्रमांकाचा परवाना १९२९ सालीं त्यांनाच मिळाला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं ते स्वतः पस मॉथ जातीचें चिमुकलें विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादेस पेट्रोल भरलें (तें बैलगाडींतून आलें होतें!) आणि दुपारीं मुंबईस जुहूला उतरले. बल्लारीवरून मद्रासचा पुढील टप्पा व्हिन्सेंट यांनीं पुरा केला. जुहूचें मैदान म्हणजे समुद्रकांठची चिखलाची जमीन. पावसाळ्यांत तें निकामी होई व सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. पहिल्या वर्षांत उतारू मिळाले अवघे १५५.

१९४६ सालीं या धंद्याची ‘एअर-इंडिया’ ही स्वतंत्र मंडळी झाली. बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनीं लवून स्वागत करणारा मिशाळ महाराजा घडविला, तोही त्याच सालीं. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें. पुढें १९५३ सालीं सरकारनें हा धंदा ताब्यांत घेतला. टाटांस तें मुळींच रुचलें नव्हतें. तरीहि त्यांनीं अध्यक्षपद पत्करलें आणि १९७८ पर्यंत सांभाळलें.

सरकारच्या हातीं गेली म्हणूनच ही मंडळी बुडाली, असें सर्रास म्हटलें जातें. तें आम्हांस पटत नाहीं. तिचा उत्कर्ष झाला तो सरकारी झाल्यानंतरच. १९६० सालीं बोइंग ७०७ घेऊन ती न्यूयॉर्कला पोंचली, आणि १९६२ सालीं केवळ जेट विमानें बाळगणारी जगांतील पहिली मंडळी ठरली. याचें कारण अध्यक्षांची नजर. प्रवासांत असतां ते बारीकसारीक टिपणें करीत. चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो, हेंहि त्यांच्या नजरेंतून सुटत नसे. स्वैपाकघरांत नुसती एक फेरी मारून आमटींत मीठ कमी आहे हें ओळखणाऱ्या सासूबाई ज्यांच्या घरीं आहेत, त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको! मंडळीच्या अंगीं मुरलेलें सामर्थ्य पुढेंहि कांहीं काळ टिकून होतें. १९९० सालीं कुवेतवर संकट आलें, तेव्हां अम्मानमार्गें एक लाखाहून अधिक भारतीयांस तिनें मायदेशीं आणलें.

खरा घात झाला तो २००७ सालीं. देशांतर्गत वाहतूक करणारी ‘इंडियन एअरलाइन्स’ व ही मंडळी, अशीं दोन बिऱ्हाडें एका चुलीवर आणलीं गेलीं. पगाराच्या श्रेणी निराळ्या, ज्येष्ठतेचे वाद निराळे. त्यांतच दोहोंनीं मिळून १११ विमानांची मागणी आधींच नोंदविलेली. नफा दिसेना, कर्ज मात्र वाढतें राहिलें. ऑगस्ट २०२१ अखेर तें ६१,५६२ कोटी रुपयांवर गेलें. शेवटीं १८,००० कोटींच्या बोलीवर २७ जानेवारी २०२२ रोजीं मंडळी पुनः टाटांच्या घरीं आली. त्यांपैकीं १५,३०० कोटी कर्जाच्या रूपानें व २,७०० कोटी रोख. नरिमन पॉइंटची प्रसिद्ध इमारत या व्यवहारांतून वगळली होती. ती १,६०१ कोटींस महाराष्ट्र सरकारनें घ्यावयाचें ठरविलें.

नवीं विमानें मागविलीं गेलीं, जुन्यांची डागडुजी सुरू झाली. अशा वेळीं १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें विमान उड्डाण होतांच वैद्यकीय विद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलें. विमानांतील २४२ जणांपैकीं एकच वांचला. जमिनीवरील १९ जण दगावले. याच अहमदाबादेस १९३२ सालीं पेट्रोलची ती बैलगाडी आली होती.